संशोधन सोडून मुक्त लेखनाकडे वळताना: विकायचं काय, कुणाला आणि कोणत्या अटींवर

प्रश्न थोडक्यात असा: जीवशास्त्रात पीएच.डी. झाली, त्यानंतर कंत्राटी संशोधक म्हणून दोन नेमणुका झाल्या, तिसरी नऊ महिन्यांत संपते आहे. कायम जागेची शक्यता दिसत नाही. लिहायला मनापासून आवडतं, गटातले शोधनिबंध शेवटी माझ्याच हातून जातात. पूर्णवेळ मुक्त लेखन करून पोट भरेल का, सुरुवात कुठून करावी, आणि आतापर्यंतची वर्षं वाया गेली असं समजायचं का?

मी ह्याच वाटेने आले. प्रयोगशाळेतून बाहेर पडून आता बरीच वर्षं वैद्यकीय आणि विज्ञानविषयक लेखन करते आहे, आणि तुमच्यासारख्या अनेकांचे पहिले मसुदे माझ्या हाताखालून गेले आहेत. उत्तर आधी देते: पोट भरतं. मात्र लिहायला आवडतं एवढ्या एका आधारावर ते भरत नाही, आणि नेमणूक संपल्यावर सुरुवात केली तर पहिलं वर्ष फार जड जातं. तुमच्या हातात नऊ महिने आहेत, संस्थेचं नाव आहे, ग्रंथालय आहे. ह्या तिन्हींचा उपयोग कसा करायचा हे सांगण्यासाठी जरा विस्ताराने लिहिते आहे.

आधी विकायचं काय ते ठरवा. बहुतेक जण ‘मला चांगलं लिहिता येतं’ असं म्हणत संपादकांकडे जातात. चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतले कित्येक तुमच्यापेक्षा सफाईदार लिहितात, कारण तुम्ही प्रयोग करत होतात तेव्हा ते लिहीत होते. त्यांच्याकडे सहसा नसते ती गोष्ट तुमच्याकडे आहे: पुरावा समोर आला की त्यात किती दम आहे हे ओळखण्याची सवय. नमुना केवढा होता, तुलनेचा गट होता का, परिणाम उंदरांत दिसला की माणसांत, जो निकष आधी जाहीर केला होता त्याचंच उत्तर दिलं आहे की नंतर सोयीचा निकष पुढे केला आहे, हे तुम्ही न ठरवता बघता. वर्षानुवर्षं चर्चासत्रांत बसून ती नजर तयार झालेली असते, आणि ती उसनी आणता येत नाही.

ह्या नजरेची किंमत किती, ह्याचं एक जुनं उदाहरण मी नवीन लेखकांना नेहमी देते. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्यांत ‘दुप्पट’ हाच शब्द गेला. प्रत्यक्षात आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७००० स्त्रियांत एकीला हा त्रास होत होता, नव्या गोळ्यांमुळे तो दोघींना होत होता. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या एकदम थांबवल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले असं मानलं जातं. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांमुळे होतो त्याहून जास्त असतो, ही त्यातली सगळ्यात दुःखाची बाजू. ‘दुप्पट म्हणजे कितीचे किती?’ एवढा एक प्रश्न त्या दिवशी बातमी लिहिणाऱ्याने विचारला असता तर मथळा बदलला असता. तुम्ही तो प्रश्न विचारता. संपादक, औषध कंपन्या, रुग्णसंघटना तुम्हाला पैसे देतील ते ह्यासाठी. वर्षं वाया गेली का, ह्या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तरही हेच आहे. जे विकायचं ते त्या वर्षांतच तयार झालं आहे.

आता सोडायचं काय. लोकांना वाटतं की संशोधकाने फक्त भाषा सोपी करायला शिकावं. अवघड शब्द काढून टाकणं हे आठवडाभरात जमतं. खरी अडचण खोल आहे: इतकी वर्षं आपण परीक्षकासाठी लिहिलेलं असतं. प्रबंध वाचणारा, शोधनिबंध तपासणारा, निधीचा अर्ज चाळणारा, ह्या सगळ्यांना वाचणं भाग असतं आणि आपल्याला त्यांच्यापुढे सिद्ध करायचं असतं की आपल्याला विषय येतो. म्हणून आपण आधीचं सगळं काम सांगतो, प्रत्येक विधानाला कुंपण घालतो, आणि मुख्य गोष्ट शेवटी आणतो. लेखाच्या वाचकावर वाचण्याची सक्ती नसते. आपल्याला किती येतं ह्याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं, ते मिळेनासं झालं की तो निघून जातो.

नमुन्यादाखल दोन वाक्यं बघा. पहिलं: ‘प्रस्तुत अभ्यासात अपुरी झोप व लसीकरणोत्तर प्रतिपिंड-प्रतिसाद यांच्यात परस्परसंबंध असण्याची शक्यता सूचित होते.’ दुसरं: ‘लस घेतली त्या दिवसांत ज्यांची झोप अपुरी झाली, त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं कमी तयार झाली. ह्याला झोपच कारणीभूत होती का, हे मात्र ह्या अभ्यासावरून ठरवता येत नाही.’ पहिल्यात शंका सगळ्या वाक्यभर पातळ पसरली आहे, म्हणून नक्की कशाची शंका आहे ते कळत नाही. दुसऱ्यात जे दिसलं ते ठामपणे सांगितलं आहे आणि शंका नेमक्या जागी ठेवली आहे. दुसरं वाक्य जास्त सोपं आहे आणि जास्त काटेकोरही आहे. सोपं लिहिलं की काटेकोरपणा जातो अशी भीती संशोधन क्षेत्रातून येणाऱ्या प्रत्येकाला असते. ती घालवायची असेल तर स्वतःच्याच एखाद्या शोधनिबंधाचा गोषवारा असा वाक्यावाक्याने पुन्हा लिहून बघा. शंकेची जागा नेमकी सांगायला बसलात की आपल्यालाच ती कुठे माहीत नव्हती हे काही वाक्यांपाशी लक्षात येतं.

रचनेचंही तसंच. शोधनिबंधाचा साचा प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा असा असतो. बातमीत निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात हवा, पद्धतीतलं फक्त तेवढंच हवं ज्यामुळे निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल. दीर्घ लेखात आणखी वेगळं: तिथे माणसं लागतात, घटनाक्रम लागतो, विरोधी मत असलेल्या अभ्यासकाशी बोलावं लागतं. मुलाखत घेणं हे कौशल्य संशोधनात शिकवलं जात नाही (मानववंशशास्त्र, समाजशास्त्रवाल्यांचा अपवाद), ते वेगळं शिकावं लागेल. ज्याच्या कामावर लिहितो आहोत त्याला छापण्याआधी संपूर्ण लेख दाखवायचा नाही, हा पत्रकारितेतला सर्वसाधारण दंडक आहे. सहलेखकांच्या संमतीशिवाय एक स्वल्पविरामही न बदलणाऱ्या आपल्यासारख्यांना तो सुरुवातीला उद्धटपणा वाटतो. त्यामागचं कारण समजून घ्या: लेख वाचकाच्या बाजूने लिहिलेला असायला हवा. तथ्यं आणि अवतरणं मात्र जरूर ताडून घ्यावीत.

‘मुक्त लेखन’ असं एकच काम नसतं, आणि तुमच्या बाबतीत निवड कोणती करता ह्यावर पहिली दोन वर्षं अवलंबून आहेत. मी तुमच्या जागी असते तर सुरुवात शोधनिबंधांच्या संपादनापासून केली असती. दुसऱ्या संशोधकांची हस्तलिखितं भाषा, रचना आणि युक्तिवादाच्या दृष्टीने दुरुस्त करून देण्याचं हे काम आहे. ते तुम्ही आत्ताही फुकट करता. त्याला नाव मिळत नाही, पण काम नियमित येतं आणि पैसे कळवलेल्या मुदतीत येतात. जीवविज्ञानातल्या संपादकांसाठी १९९१मध्ये स्थापन झालेलं एक मंडळ, बोर्ड ऑफ एडिटर्स इन द लाइफ सायन्सेस, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतं. सुरुवातीला त्याची गरज नाही, पण तुमचं नाव कुणालाच माहीत नसताना ते उपयोगी पडू शकतं.

ह्या कामाला लागूनच एक दरवाजा आहे, तो उघडू नका. ‘शैक्षणिक लेखनासाहाय्य’ अशा सभ्य नावाखाली विद्यार्थ्यांचे निबंध आणि प्रबंध लिहून देणारे व्यवसाय चालतात, आणि पीएच.डी. झालेल्या, हातात काम नसलेल्या माणसाला पहिला निरोप बहुधा त्यांचाच येतो. आयर्लंडने २०१९मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२०मध्ये आणि इंग्लंडने २०२२मध्ये अशा धंद्यावर कायद्याने बंदी आणली. कायदा नसेल तिथेही हे काम घेऊ नका. तुम्ही विकता ती गोष्ट म्हणजे विश्वासार्हता, आणि ती अशा एका कामाने संपते.

दुसरा मार्ग वैद्यकीय लेखनाचा. जीवशास्त्रातून येणाऱ्यांना ह्यात सगळ्यात स्थिर उत्पन्न मिळतं असं माझं मत आहे, आणि तरीही बाहेर त्याबद्दल फार थोड्यांना माहिती असते. औषधाची चाचणी संपली की तिचा सविस्तर अहवाल नियामकांना द्यावा लागतो. त्याची रचना ‘आयसीएच ई-३’ ह्या १९९५च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने आखून दिली आहे. हे अहवाल, चाचणीचे आराखडे, रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, शास्त्रज्ञांच्या वतीने तयार केलेले शोधनिबंधांचे मसुदे, हे सगळं वैद्यकीय लेखक लिहितात. युरोपीय संघाच्या २०१४च्या चाचणीविषयक नियमावलीने प्रत्येक चाचणीचा सारांश सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक केलं, त्यामुळे सोपं आणि अचूक लिहिणाऱ्यांसाठी एक नवंच काम तयार झालं. अमेरिकेत आणि युरोपात वैद्यकीय लेखकांच्या संघटना आहेत. अमेरिकेतल्या संघटनेची सुरुवात तर १९४०मधली. त्यांच्या कार्यशाळांमधून कामाची रीत कळते आणि काम देणारी माणसंही भेटतात. आधी वर्ष-दोन वर्षं एखाद्या वैद्यकीय लेखनसंस्थेत नोकरी करून मग मुक्त व्हावं, असा माझा सल्ला आहे. पहिल्याच दिवशी एकट्याने नियामक अहवाल कुणी लिहायला देत नाही, आणि देऊही नये.

ह्या कामात एक नैतिक प्रश्न सतत येतो. शोधनिबंधाचा मसुदा तुम्ही लिहिला, पण लेखकांच्या यादीत नाव नाही, हे योग्य आहे का? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे ह्यासाठी चार निकष आहेत: अभ्यासाची आखणी किंवा विदा (डेटा) मिळवणं वा विश्लेषण ह्यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा चिकित्सकपणे सुधारणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाच्या सचोटीची जबाबदारी. चारही पूर्ण झाले तरच लेखक. केवळ लेखनसाहाय्य केलं तर ऋणनिर्देशात तुमचं नाव आणि पैसे कुणी दिले ते यायला हवं. ऋणनिर्देशही नको असं सांगणारा ग्राहक भेटला तर काम सोडा. तुमचं नाव छापून यावं म्हणून हे म्हणत नाही. कंपनीच्या पैशाने नेमलेल्या लेखकाचा हात लपवला की त्या शोधनिबंधावर उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरची फसवणूक होते.

तिसरा मार्ग विज्ञान पत्रकारितेचा. बहुतेकांच्या मनात ‘लेखक’ म्हणजे हाच असतो. ह्यात समाधान सगळ्यात जास्त आहे आणि उत्पन्न सगळ्यात अनिश्चित. मी ओळखते त्यांपैकी थोड्याच लोकांचं घर फक्त ह्यावर चालतं. बाकीचे संपादन किंवा वैद्यकीय लेखन करतात आणि त्याच्या जोरावर मनासारखे लेख लिहितात. त्यात मला काही गैर वाटत नाही. उलट ज्याचं भाडं एका लेखावर अवलंबून नाही, तो त्या लेखासाठी आणखी दोन माणसांशी बोलायला वेळ काढतो.

ह्या तिसऱ्या मार्गासाठी एक गोष्ट नेमणूक संपायच्या आत करा. २०११मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला ‘द कॉन्व्हर्सेशन’ हा उपक्रम फक्त विद्यापीठांशी वा संशोधनसंस्थांशी संलग्न असलेल्या अभ्यासकांचे लेख घेतो. मानधन देत नाही, पण व्यावसायिक पत्रकार तुमच्यासोबत बसून लेख घडवतात, आणि लेख मुक्त परवान्याखाली असल्याने इतर वृत्तपत्रं तो पुन्हा छापू शकतात. फुकट लिहिण्याच्या मी एरवी विरोधात आहे. इथे अपवाद करते, कारण तुम्ही पगारात असताना हे शिक्षण मिळतं आणि संलग्नता गेली की तो दरवाजा बंद होतो. तिथे लिहिलेले दोन-तीन चांगले लेख पुढे संपादकांना दाखवायला पुरतात. तुमच्या संस्थेच्या जनसंपर्क विभागातही जाऊन बसा. ‘युरेकअलर्ट’सारख्या १९९६पासून चालणाऱ्या सेवांवर जी प्रसिद्धिपत्रकं जातात ती अशाच विभागांत तयार होतात. नियतकालिकं ठरलेल्या दिवसापर्यंत बातमी न छापण्याच्या अटीवर पत्रकारांना शोधनिबंध आधी कशी देतात, ती रीतही तिथेच समजेल.

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान ह्या विषयांतले लोक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. वैद्यकीय लेखनासारखा पैसेवाला शेजारी तुम्हाला नाही, हे खरं आहे. पण पुस्तकांचं आशय-संपादन, संग्रहालयांच्या प्रदर्शनांचे मजकूर, पाठ्यपुस्तकं, अभ्यासक्रमाचं साहित्य, संस्थांचे इतिहास, निधीसाठीचे अर्ज ह्या कामांत मूळ साधनं तपासणारा माणूस हवाच असतो. अफवा आणि दस्तऐवज ह्यांतला फरक ओळखणं ही तुमची पारख.

संपादकाला प्रस्ताव पाठवताना विषय पाठवू नका. ‘प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर लिहायचं आहे’ हा विषय झाला, त्यावर ग्रंथ लिहिता येईल. ‘रुग्णालयाच्या हात धुण्याच्या कुंड्यांच्या नळीत हे जिवाणू थर करून राहतात. निर्जंतुक करूनही काही दिवसांत परत येतात, म्हणून काही अतिदक्षता विभागांनी कुंड्याच काढून टाकल्या. त्याने संसर्ग घटला का, आणि मग हात कुठे धुवायचे?’ ही गोष्ट झाली. तिच्यात प्रश्न आहे, ताण आहे, जाऊन बघायची जागा आहे. प्रस्ताव दोन-तीन परिच्छेदांचा असावा. गोष्ट काय, आत्ताच का, कुणाकुणाशी बोलणार, किती शब्द, किती दिवसांत, आणि तुम्हीच का, एवढं त्यात आलं की पुरे. पीएच.डी.चा उल्लेख शेवटच्या ओळीत. प्रकाशनांची यादी जोडू नका. ज्या विभागासाठी पाठवता आहात त्याचे मागचे दहा-बारा लेख वाचून मगच पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग तोच प्रस्ताव दुसरीकडे न्या. शोधनिबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवून वर्षभर वाट बघायची आपल्याला सवय असते. इथे तेवढं थांबलात तर विषय शिळा होतो.

नकार आला तर त्याची कारणं फारशी कुणी लिहून पाठवत नाही. त्याचा अर्थ लावत बसू नका, बहुधा त्या आठवड्यात जागा नव्हती एवढंच असतं. मसुदा लाल रेघांनी भरून परत आला तर मात्र आनंद माना. ज्या संपादकाने तुमच्या लेखावर एवढा वेळ घालवला त्याला तो छापायचा आहे. संशोधनात रेघा म्हणजे आक्षेप आणि आक्षेपाला उत्तर द्यायचं, ही सवय अंगात इतकी भिनलेली असते की माझ्याकडे येणारे नवे लेखक प्रत्येक दुरुस्तीवर खुलासा लिहून पाठवतात. तथ्य चुकत असेल तिथे ठाम राहा. बाकी वाक्य संपादकाचं चांगलं असेल तर ते घ्या आणि पुढे चला.

पैशाबद्दल आपल्या क्षेत्रातली माणसं बोलायला लाजतात. आपण शोधनिबंध फुकट लिहितो, दुसऱ्यांचे फुकट तपासतो, आणि वर हक्कही प्रकाशकाला लिहून देतो, त्यामुळे आपल्या श्रमाला दर असतो हेच विसरायला होतं. म्हणून हिशेब कागदावर करा. वर्षाचे बावन्न आठवडे. सुट्ट्या, आजारपण, काम नसलेले दिवस ह्यांसाठी सहा काढा, उरले शेहेचाळीस. आठवड्याच्या पाच दिवसांपैकी दोन दिवस प्रस्ताव, पत्रव्यवहार, बिलं, वाचन ह्यांत जातात आणि त्यांचे पैसे कुणी देत नाही. उरले तीन. म्हणजे वर्षात साधारण एकशे अडतीस दिवस विकता येतात. आता वर्षाला लागणारी रक्कम काढा, आणि तीत पूर्वी संस्था भरत होती ते निवृत्तिवेतन, विमा, कर, संगणक आणि साधनांचा खर्च धरा. तिला एकशे अडतीसने भागा. हा तुमचा दिवसाचा किमान दर. पगाराला महिन्याच्या बावीस दिवसांनी भागून दर सांगणारे वर्षभरात थकून परत नोकरी शोधतात, असं मी वारंवार पाहिलं आहे.

दर शब्दावर सांगायचा, तासावर की कामावर? संपादन तासावर किंवा शब्दावर ठीक आहे. लेखन शक्यतो पूर्ण कामावर ठरवा, आणि किती फेऱ्या सुधारणांचा त्यात समावेश आहे ते लिहा. मी दोन फेऱ्या धरते, तिसरीचे वेगळे पैसे. मोठ्या कामाला एक तृतीयांश रक्कम आगाऊ मागणं अगदी रास्त आहे. लेख स्वीकारल्यावर पैसे मिळणार की छापून आल्यावर, हे आधी विचारा, कारण स्वीकारलेला लेख महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. संपादकाने मागवलेला लेख त्यांच्याकडल्या कारणाने रद्द झाला तर ठरल्या मानधनाचा काही भाग मिळेल, अशी अट करारात असावी.

हक्कांबद्दल तर मी प्रत्येकाला हात धरून सांगते. १८८६च्या बर्न करारात सामील झालेल्या देशांमध्ये लेखनावरचा हक्क लिहिताक्षणी लेखकाचा होतो, नोंदणी लागत नाही. तो तुम्ही सहीने देता. कोणता हक्क देता आहात ते वाचा: एकदाच छापण्याचा, काही काळापुरता एकमेव, की सगळ्या माध्यमांत कायमचा? कायमचा हवा असेल तर दर त्या हिशेबाने वाढायला हवा. ‘लेखामुळे कोणताही दावा उद्भवल्यास सर्व नुकसानभरपाई लेखकाची’ अशा अर्थाचं कलम दिसलं तर ते सौम्य करून घ्या. ‘माझ्याकडून जाणूनबुजून झालेल्या चुकीपुरतं’ असा बदल सुचवला तर बहुतेक प्रकाशक मान्य करतात. विचारायला घाबरू नका, प्रश्न विचारला म्हणून चांगलं काम हातचं गेल्याचं मला आठवत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय आजचं उत्तर पुरं होणार नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून ‘व्यायामाचे दहा फायदे’ छापाच्या मजकुराला दर उरला नाही. त्या बाजारात शिरू नका. उलट यंत्राने लिहिलेल्या सफाईदार मजकुरात अस्तित्वात नसलेले संदर्भ असतात, आकडे एका अभ्यासातले आणि निष्कर्ष दुसऱ्यातले असतात, आणि हे पकडायला मूळ शोधनिबंध उघडून वाचणारा माणूस लागतो. पडताळणीचं काम वाढलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या कामातही ते आता ठळक दिसतं. एक खबरदारी: ग्राहकाची अप्रकाशित माहिती, रुग्णांची विदा, तपासणीसाठी आलेलं हस्तलिखित अशा साधनांमध्ये परवानगीशिवाय टाकू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते.

मनाच्या बाजूबद्दलही लिहायला हवं, कारण लोक पैशामुळे सोडतात त्याहून जास्त ह्यामुळे सोडतात. संस्थेचं नाव गेलं की स्वतःची ओळख करून देताना वाक्य अडतं. गटातली चर्चा, जेवताना होणारा वाद, समोरच्याच्या फळ्यावरचं अर्धवट समीकरण हे सगळं थांबतं. जुने सहकारी ‘सध्या काय चाललंय?’ असं जरा जपून विचारतात. हे दुःख खरं आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नका. मला त्यातून बाहेर यायला दुसऱ्या मुक्त लेखकांची संगत उपयोगी पडली. आम्ही काही जण एकमेकांचे मसुदे वाचतो, दर उघडपणे सांगतो, वाईट ग्राहकांबद्दल सावध करतो. अशी चार माणसं शोधा, नाहीतर जमवा. आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्याशी संबंध तोडू नका. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं पहिलं सशुल्क काम जुन्या प्रयोगशाळेतल्याच कुणीतरी सुचवलेलं होतं.

कुणी हे करू नये? ज्याला एका प्रश्नावर दहा वर्षं खोल जायचं आहे आणि तो प्रश्न दर महिन्याला बदलला तर जीव घुसमटेल, त्याने. दुसऱ्याच्या शोधाबद्दल लिहिताना ‘हा मी लावायला हवा होता’ अशी कळ ज्याला रोज येईल, त्याने. ज्याच्यावर मोठं कर्ज आहे आणि बाजूला सहा महिन्यांचा खर्च नाही, त्याने आत्ताच करू नये. तुमच्या पत्रात ह्यांपैकी काही दिसलं नाही. ‘निबंध शेवटी माझ्याच हातून जातात’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, ह्याकडे माझं लक्ष गेलं.

मग हे नऊ महिने. ह्या आठवड्यात तुमच्या नेमणुकीचा करार काढून बाहेरचं काम करण्याबद्दल त्यात काय म्हटलं आहे ते वाचा, आणि लागत असेल तर लेखी परवानगी मागा. पहिल्या तीन महिन्यांत संलग्नतेवर मिळतील ते लेख लिहून घ्या आणि गटाबाहेरच्या दोघा-तिघांची हस्तलिखितं ठरलेल्या दराने संपादित करा, दर कमी असला तरी चालेल, पण असावा. मधल्या तीन महिन्यांत वैद्यकीय लेखनसंस्थांकडे अर्ज करा. त्या बहुधा लेखनचाचणी घेतात, एखाद्या शोधनिबंधाचा सारांश किंवा तक्त्यावरून निष्कर्ष लिहायला देतात. चाचणी काही तासांची असेल तर फुकट द्या, पूर्ण कामाएवढी असेल तर मोबदला मागा. शेवटच्या तीन महिन्यांत अर्धवट राहिलेल्या शोधनिबंधांबद्दल सहलेखकांशी लेखी ठरवून घ्या, कोण काय पूर्ण करणार आणि नावांचा क्रम काय. बाहेर पडल्यावर त्या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि ते डोक्यावरूनही उतरत नाही. संस्थेच्या ई-मेलवरचे सगळे संपर्क स्वतःच्या पत्त्यावर घ्या, ऑर्किड ह्या संशोधकांच्या ओळखक्रमांकाच्या नोंदीत कायमचा पत्ता घाला, आणि ग्रंथालयाच्या माणसाला भेटून माजी संशोधकांना वाचनाची काही सवलत आहे का विचारा. नसेल तर पबमेड सेंट्रल हे जीववैद्यकीय शोधनिबंधांचं, २०००पासून सगळ्यांना उघडं असलेलं मोफत भांडार आहे, आणि लेखकाला पत्र लिहून त्याचा शोधनिबंध मागितला तर तो बहुतेक वेळा आनंदाने पाठवतो.

तुमच्या मार्गदर्शकांना हे कधी सांगायचं, असंही तुमच्या मनात असणार. माझ्या मते पहिला लेख छापून आल्यावर, तो हातात घेऊन. तोपर्यंत निर्णय तुमचाही पक्का झालेला असेल, आणि पुढच्या शिफारसपत्रात नेमकं काय लिहायचं हे त्यांनाही कळेल.